उजव्या बाजूचा आर्म

माझ्या अडुसष्ट सालच्या स्टेशन वॅगनला नंतरच्या सेडान गाडीचे, चाक धरून ठेवणारे सस्पेन्शनचे आर्म जसेच्या तसे बसतात, हे कळल्यावर मी लाइलच्या भंगार यार्डात गेलो. तीन तास धुंडाळून डाव्या बाजूचा एकच आर्म मिळाला.

"उजवा कुठाय?"

"परवा नोरीनने नेला, तिच्या तसल्याच वॅगनसाठी. एकाच गाडीचे होते दोन्ही," लाइल म्हणाला.

मी तारेच्या ब्रशने आर्म घासला. ताज्या काळ्या रंगाखाली, चाकाच्या सांध्यापाशी, केसाएवढी चीर निघाली.

"लाइल, ती गाडी आपटली होती का?"

"दरीत गेली होती," तो म्हणाला. "पण आर्म सरळ दिसले रे."

"आणि रंग कुणी फासला?"

"मीच. विकायला बरे दिसावेत म्हणून."

नोरीनचा फोन लागेना. तिची शेजारीण म्हणाली, ती सकाळीच पोरांना घेऊन डेन्व्हरला आईकडे निघालीय. म्हणजे घाटातून. आम्ही लाइलचा ट्रक काढला. वाटेत प्रत्येक वळणावर मी कठडा शाबूत आहे ना, तेवढंच बघत होतो.

खिंडीच्या माथ्यावर तिची निळी वॅगन उभी दिसली. पोरं बर्फात खेळत होती.

"उजवीकडून कटकट आवाज येतोय," नोरीन हसून म्हणाली. "म्हटलं, घाट उतरून मग बघू."

मी गाडीखाली सरपटलो. उजव्या आर्मवरच्या चिरेत माझं अख्खं नख शिरलं. बाहेर आलो तेव्हा लाइल तिच्याकडे वॅगनची किल्ली मागत होता, आणि स्वतःच्या ट्रकची किल्ली तिच्यापुढे धरत होता.