येथील सर्व क्षेम

काचेवरची पातळ फिल्म एका कोपऱ्यात उचलली गेली होती आणि यशराज नखाने ती पुन्हा बसवू पाहत होता – दाबली की हवेचा बुडबुडा आत सरकायचा, बोटाबरोबर पुढे जायचा आणि पलीकडच्या कडेला जाऊन थांबायचा. हा लहान फोन. शेजारी मोठा. एकाच मॉडेलचे दोन आकार, चार वर्षांपूर्वीचे, कुणीतरी वापरलेले, दुरुस्त करून पुन्हा खोक्यात घातलेले. देवासच्या या दुकानात तो अर्धा तास उभा होता. धारला एकट्या राहणाऱ्या आईसाहेबांसाठी फोन घ्यायचा, एवढंच काम. आणि तेवढंही होत नव्हतं.

मोठा डोळ्यांना बरा. लहान हाताला बरा. आता त्यांचे डोळे अधू झालेत की हात – खरं सांगायचं तर त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. धार इथून असं कितीसं लांब, आणि दिवाळीनंतर आपण फिरकलोसुद्धा नाही... नवा फोन आला की व्हिडिओवर त्या दिसतील, म्हणजे जायला नको, हा विचार त्याने आजवर स्वतःपाशीही कबूल केला नव्हता. आता तो मनात उमटून गेला, तसा त्याने घाईघाईने मोठा फोन उचलला.

"भिया, कोई लंबा मैसेज हो तो दुकान के नंबर पे डाल दो," काउंटरपलीकडून दुकानदार अंशुल म्हणाला. "दोनों में खोलके देख लो, अक्षर किसमें ठीक दिखते हैं."

त्याला लांब मेसेज पाठवणारं माणूस एकच. घरात महत्त्वाचं ते लिहून कळवायची रीत होती. वडील, बाबासाहेब, होते तेव्हा त्यांच्यात आणि आईसाहेबांत एकाच घरात चिठ्ठ्या चालायच्या, आणि फोनवरचं बोलणं जेवणखाण, हवापाणी एवढ्यापुरतं. पत्रं गेली तरी आईसाहेबांनी मायना सोडला नाही. मेसेज आला की वरच्या पट्टीत पहिल्या दोन ओळी दिसायच्या, दर वेळी त्याच: चिरंजीव यशराज यांस अनेक उत्तम आशीर्वाद, श्रीकुलस्वामिनीच्या कृपेने येथील सर्व क्षेम. तेवढं पाहून तो तिथूनच जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून द्यायचा. सगळं क्षेम म्हटल्यावर पुढे काय असणार! शिवाय शाळा हिंदीतली, तसलं जुन्या वळणाचं मराठी वाचायचं म्हणजे दमछाक... नाही, दमछाक नव्हे. कंटाळा यायचा त्याला.

गेल्या आठवड्यातला मेसेज त्याने न वाचताच दुकानाच्या नंबरवर पाठवला. अंशुलने तो दोन्ही फोनवर उघडला, मायन्याच्या ओळी बोटाने वर सारल्या आणि फोन त्याच्यासमोर ठेवले.

मोठ्यावर अक्षरं ठसठशीत होती.

'विशेष. मागील दोन वेळी लिहिले तेच पुन्हा लिहिते. उजव्या हाताची बोटे मिटत नाहीत. हे डाव्या बोटाने लिहीत आहे. इंदूरला दाखवावे असे डॉक्टर म्हणतात. सोबत येणारे येथे कोणी नाही. तुमचा नमस्कार वेळच्या वेळी पोचतो, उत्तर येत नाही. जमण्यासारखे नसल्यास तसे कळवावे. राग नाही.'

"मराठी है ना? हमें तो आती नहीं," अंशुल कौतुकाने म्हणाला. "माताजी ने आशीर्वाद लिखा होगा."

"हाँ," यशराज म्हणाला. "आशीर्वाद."

त्याचे कान तापले. मिटत नसलेल्या बोटांना आपण तीनदा जोडलेले हात पाठवले, तेही मिनिटाच्या आत! आणि याहून वाईट म्हणजे, पहिला विचार आला तो त्यांच्या हाताचा नव्हताच. मेसेज उशिरा मिळाला असं सांगता येईल का, हा होता.

"तो कौन सा पैक करूँ?"

लहान. डाव्या हातात मावणारा. उत्तर आयतं मिळालं होतं, आणि क्षणभर त्याला मोकळं वाटलं, काम झाल्यासारखं... त्या मोकळेपणाचीच मग किळस आली.

"रुको जरा," तो म्हणाला आणि स्वतःच्या फोनवर आईसाहेबांचे मेसेज वर सारत गेला. महिने, वर्षं. प्रत्येकाखाली त्याचं ते चित्र, आणि प्रत्येकात मायन्यानंतर दहा-बारा ओळी. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं म्हणून त्या तेच तेच लिहितात, असं तो इतके दिवस धरून चालला होता. अंगठा एका तारखेवर थांबला. बाबासाहेब गेले, त्याच्या आदल्या महिन्यातली.

'विशेष' या शब्दापर्यंत तो आला. पुढची ओळ समोरच होती. आपल्याला मराठी मुळीच आलं नसतं तर किती बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा, अगदी मनापासून वाटलं.