सरांनी अडवलेले आंबे

मी सांगणार आहे ते कोणालाच खरं वाटणार नाही. तुम्हालाही नाही वाटणार, मित्रांनो, आणि तेच बरं. खऱ्या वाटणाऱ्या गोष्टी मला फारशा येत नाहीत.

मी एक जुनी बंडी आहे, म्हणजे बैलगाडी. एटापल्लीच्या वाटेवर मोहाच्या झाडाखाली कलंडून पडलेली, जिचं वरचं चाक तुम्ही रोज गरगर फिरवता, तीच. फिरवा, फिरवा. मला गुदगुल्या होतात.

माझा साग आलापल्लीच्या जंगलातला. झाड एवढं उंच, की शेंड्यावरचा पोपट खाली उतरेपर्यंत म्हातारा व्हायचा. अहेरीच्या सुतारानं मला घडवलं. तापलेली लोखंडी धाव चाकावर बसवली तेव्हा मी अशी किंचाळले, की प्राणहितेपलीकडचे बैल उधळले म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणते, दुसरं कोण म्हणणार!

मग मी लालसूच्या घरी आले. लालसू या गावचा पेरमा, म्हणजे पुजारी. मी धान वाहिलं, बांबू वाहिला, नवऱ्या वाहिल्या. नवरी रडायची, मी करकरायची, आणि लोक म्हणायचे, ‘बंडीलेच जास्त दुख झालं.’ माझं कौतुक फार होतं. लालसूची बायको बुधरी माझ्या चाकांना तेल द्यायची, कधी कधी स्वतःच्या केसांना ठेवलेलं तेलही द्यायची.

अशात एक दिवस कमळाबाई आली. राजुऱ्याची पोर, नागपूरला शिकलेली. जंगलातली माणसं वर्षभर काय काय खातात, यावर तिला मोठा प्रबंध लिहायचा होता. बुधरीच्या घरी राहायची आणि माझ्या साट्यावर, म्हणजे बसायच्या फळ्यांवर, बसून लिहायची. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशात होतं, आता मुंबई राज्यात गेलंय. ते गाव जागचं न हलता एवढं हिंडतं त्याचं काही नाही, आणि मी एकदा नागपूरला जाऊन आले म्हटलं की लोक हसतात!

तर कमळाबाईचे एक सर होते, गुणवंतराव. तिनं लिहिलेलं त्यांनी वाचायचं, चुका सांगायच्या, मग तिनं पुढे जायचं, अशी रीत. सर वाईट नव्हते हो. फार मायाळू. तिला स्वेटर पाठवायचे, तेही उन्हाळ्यात. फक्त त्यांच्या टेबलावर कागद ठेवला, की त्याला मुळं फुटायची. टपाल नागपुरास आठवड्यात पोचायचं. सरांच्या हातून परत निघायला मात्र झाडाचं पान गळून नवं यावं लागायचं.

तिनं चैतात मोहफुलांवर लिहून पाठवलं. दिवाळीला उत्तर आलं: ‘छान. पण फुलं पहाटे कशी पडतात ते स्वतः पाहून लिही.’ दिवाळीला! वर पाहिलं तर मोहाला नुसती पानं. पावसाळ्यात सात्यांवर लिहिलं. वारुळावर उगवणाऱ्या त्या अळंब्या तुम्ही मिटक्या मारत खाता ना, त्याच. सरांनी विचारलं, ‘चव कशी असते?’ पत्र आलं तेव्हा वारुळातले सापसुद्धा उन्हानं कंटाळून बाहेर बसले होते.

कमळाबाई रडली का? थोडी रडली. मग तिनं एक युक्ती काढली. लिहून झालं की डोक्याला पंचा गुंडाळायचा, आवाज जाड करायचा आणि स्वतःच सर व्हायचं. “काय गं कमळे, हे कुठून आणलंस? कोणाला विचारलंस?” मग पंचा काढून बारीक आवाजात उत्तर द्यायचं. बुधरी दारातून म्हणायची, “बाई, डोक्शावर परिनाम झाला का तुह्या?”

“नाही गं. सर विचारतील ते आधीच विचारून ठेवतेय.”

“मंग त्या सरचं कामच काय रायलं?”

“सही,” कमळाबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. कारण खरी अडचण तीच होती. सरांनी सगळं वाचून सही केल्याशिवाय प्रबंध पुढे जाणार नव्हता, आणि वैशाख संपायच्या आत तो गेला नाही तर विद्यापीठातून तिचं नाव कटणार होतं. मग सगळं पहिल्यापासून. एवढी वर्षं पाण्यात. अख्खा प्रबंध सरांकडे जाऊन पडला होता आणि नागपूरहून चिठ्ठी नाही की चपाटी नाही.

तिनं हे लालसूला समजावून सांगितलं. लालसूनं आपल्या परीनं समजून घेतलं. तुम्हाला ठाऊक आहे, पेरमा जोवर मरका पंडुम करत नाही, देवाला पहिला आंबा देत नाही, तोवर गावात कोणी आंब्याला तोंड लावत नाही. लालसूनं मान हलवली. “कळलं. तुहा पेरमा नागपुरात रायते. त्याले पंडुमाचा दिवस सापडून नाई राह्यला.”

“तसं नाही हो, लालसूभाऊ...”

“तसंच हाये. मंग आयक. त्याचा पंडुम झाल्याबिगर मी माहा पंडुम करत नाई. पेरम्यानं पेरम्याचा मान ठेवला पायजे.”

झालं! सगळ्या गावाचे आंबे अडकले. डोक्यावर पाड लोंबताहेत, वास घमघमतोय, आणि खायची सोय नाही. ज्या पोरांना नागपूर कुठल्या दिशेला आहे हे माहीत नव्हतं, तीही सरांच्या नावानं बोटं मोडू लागली. म्हातारे मला लाथ मारून जायचे. माझा काय संबंध?

शेवटी बुधरीच कडाडली. “पेरमा उशीर करते तं लोक काय करतेत? भांडतेत का? टोपली घेऊन त्याच्या आंगणात जाऊन बसतेत. चला!”

असे आम्ही निघालो. मी, बैल, लालसू, बुधरी, कमळाबाई आणि आंब्यांची मोठी टोपली. आता कान इकडे करा. अहेरीच्या अलीकडे आंब्याच्या वासानं एक वाघ मागे लागला. बैल असे सुटले, की माझी चाकं जमिनीला टेकेनात. झाडांवरची वांदरं खाली पाहून म्हणाली, “अरे, आपल्याहून हलकी कोण ही?” वैनगंगा आली. मी थांबले का? सुसरींच्या पाठीवरून टकटक करत पलीकडे. वाघ काठावर बसून रडला. दिवस मावळायच्या आत मी नागपुरात, सरांच्या अंगणात, पायऱ्या चढून ओसरीवर!

सर दाराशी आले. पाहतात तर ओसरीवर बंडी. लालसूनं हात जोडले. “राम राम, पेरमाभाऊ. तुमचं झालं की आमचं व्हते. गाव उपाशी नाई, पन आंब्यासाठी तरसून राह्यलं.”

कमळाबाईनं सगळा घोळ सांगितला. सर हसले, मग लाजले, मग टेबलाखालून प्रबंध काढून वाचायला बसले. वाचता वाचता त्यांचा हात हळूच टोपलीकडे गेला. बुधरीनं त्यावर फटकन चापट मारली. “आधी वाच!”

वाचून झालं. सरांनी चष्मा काढला. “कमळा, मी विचारणार होतो ते सगळं तू आधीच विचारून ठेवलंयस.” त्यांनी सही केली. तिथंच ओसरीवर लालसूनं देवाला आंबा दिला, आणि पहिली फोड सरांच्या हातावर ठेवली. कमळाबाईचं नाव कटलं नाही. आज ती चांद्याला पोरींना शिकवते, आणि त्यांच्या वह्या दुसऱ्याच दिवशी तपासून देते. हे तुम्ही कोणालाही विचारा.

मग सर माझ्याजवळ आले. माझ्या जुवाला मिठी मारून ढसाढसा रडले. म्हणाले, “बंडीबाई, तू आली नसतीस तर माझे डोळे उघडले नसते.” मी त्यांना म्हटलं, “उठा सर, होतं असं माणसाच्या हातून.”

तर मित्रांनो, कोणी विश्वासानं आपलं काम तुमच्या हाती दिलं, तर त्याला वाट पाहायला लावू नका. त्याचा हंगाम निघून जातो. आणि म्हाताऱ्या बंड्यांनाही कधीमधी तेल देत जा, कारण ज्या बंडीनं नागपूर पाहिलं...

“ए बंडी! काऊन खोटं बोलून राह्यली पोरांसंग?” मोहाच्या बुंध्याआडून आवाज आला. बुधरी कमरेवर हात ठेवून उभी होती. “तू कुठी गेलती नागपूरले? तुह्या चाकाची आस तं आष्टीले मोडली, नदीच्या रेतीत! आमी मोटरीनं गेलो, टोपली माह्या डोक्शावर. अन् सर रडला नाई काई. वाचता वाचता झोपला होता तो! दर पानाले आंबा नाकाशी धरून मीनं उठवला त्याले!”