धुमनखेडे साहेबांची फाइल

केशरबाईंच्या लेकाचा फोन रोज संध्याकाळी सात वाजता यायचा आणि सात वाजून दोन मिनिटांनी संपायचा. जयभीम आई, जेवली का, बीपीची गोळी घेतली का, बरं ठेवतो. झालं. सुगत अमरावतीला सरकारी कचेरीत कारकून आणि केशरबाई अकोल्याला जुन्या शहरात एकट्या. दिवसभर बाई मनात बोलणं साठवून ठेवायच्या आणि तोंड उघडेपर्यंत फोन बंद. माझ्या पोरापेक्षा तो गॅस सिलिंडरवाला जास्त बोलतो, असं त्या शेजारच्या शकुनला सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

पोरगं वाईट होतं असंही नाही. त्याच्या डोक्यावर अधिकारीपदाची खात्यांतर्गत परीक्षा बसली होती. दोनदा नापास झालेला, तिसरी संधी शेवटची. सेवानियमांचं पुस्तक उघडलं की त्याला झोप यायची. एकदा फोनवर त्याच्या तोंडून निघून गेलं की निलंबनाचं प्रकरण काही केल्या डोक्यात शिरत नाही.

"त्यात काय कठीन हाय?" केशरबाई म्हणाल्या. "आमचे जानराव बाबू नाई का निलंबित झाले होते?"

केशरबाईंनी बार्शीटाकळीच्या एका कार्यालयात चौतीस वर्षं शिपाई म्हणून काढली होती. साहेबांच्या टेबलावर चहा ठेवायचा आणि कान उघडे ठेवून बाहेर यायचं, ही त्यांची नोकरी. मग त्यांनी जानराव बाबूंची सगळी कथा सांगितली. निलंबनात गाव सोडायला परवानगी कोणाची लागे, भत्ता किती मिळे, दर महिन्याला दुसरा धंदा करत नसल्याचा दाखला कसा लिहून द्यावा लागे, आणि तो दाखला बाबू बायकोच्या नावावरच्या पिठाच्या गिरणीत बसून कसे लिहीत. पंचवीस मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी सुगतने त्या प्रकरणाचे सगळे प्रश्न सोडवले, एकही चुकला नाही.

मग काय, पोराने मोबाइलात एक अ‍ॅप घेतलं. दोन माणसं बोलली की ते ऐकून घ्यायचं आणि बोलण्याचे प्रश्न पाडायचं, चार चार पर्याय, खाली स्पष्टीकरण. यंत्रच ते, त्याला काय कळतं! आईने सांगितलेलं आणि आईच्या मागे वाजलेलं, सगळंच त्याला महत्त्वाचं. 'प्र. २३ : जानराव यांनी साळ्याच्या लग्नासाठी घेतलेली रजा कोणत्या प्रकारची होती? (अ) अर्जित (ब) किरकोळ (क) असाधारण (ड) कुकरच्या तीन शिट्ट्या.' सुगत असे प्रश्न छापून काढायचा आणि शिट्ट्यांसकट पाठ करायचा. पण पाठ व्हायचे, हे महत्त्वाचं.

आता सातचा फोन आठपर्यंत चालू लागला. केशरबाई साडेसहालाच तोंड धुऊन, लुगडं नीट करून बसायच्या, जणू पोरगा फोनमधून बघणारच होता. प्रवासभत्ता झाला, गोपनीय अहवाल झाले, बदल्या झाल्या. पोरगं मधे मधे विचारायचं, हसायचं सुद्धा. ते हसायचं कसं हे त्या विसरून गेल्या होत्या. बाई इतक्या खूश होत्या की त्यांना त्या खुशीचीच भीती वाटू लागली.

भीती खरी ठरली. चौतीस वर्षं म्हटली तरी किती पुरणार? आषाढ लागला आणि एका मंगळवारी केशरबाईंच्या लक्षात आलं की सांगायचं सगळं सांगून झालं. सात वाजले. पोरगं म्हणालं, आई, आज निवृत्तिवेतन घेऊ. निवृत्तिवेतनात बाईंकडे एकही माणूस शिल्लक नव्हता. सगळे सरळपणे निवृत्त झालेले, हार घालून, पेढे वाटून. त्यात प्रश्न कशाचा पडणार! पलीकडून सुगत म्हणाला की काही नसेल तर राहू दे, ठेवतो.

"धुमनखेडे साहेब," केशरबाई म्हणाल्या.

हे नाव कुठून आलं, त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. पण आलं ते सहकुटुंब आलं. धुमनखेडे साहेबांना दोन बायका निघाल्या, दोघी पेन्शनवर हक्क सांगत्या झाल्या. पुढच्या आठवड्यात साहेबांची जन्मतारीख दोन ठिकाणी दोन लागली. त्याच्या पुढच्या आठवड्यात ते परवानगी न घेता काशीला गेले आणि परत येऊन म्हणाले, मी दौऱ्यावर होतो. एक धुमनखेडे साहेब पाच खऱ्या माणसांना भारी पडले. केशरबाईंना तर ते इतके आवडू लागले की माठात पाणी भरताना त्या त्यांची उद्याची भानगड ठरवायच्या.

इकडे अमरावतीत सुगतच्या अभ्यासाच्या जोडीदारांनी ते प्रश्न मागून नेले. झेरॉक्स निघाल्या. वरती 'केशरबाई नोट्स' असं कोणीतरी लिहिलं. लायब्ररीत पोरं धुमनखेडे साहेबांच्या दुसऱ्या बायकोवरून भांडू लागली, एकदा तर दोघांनी एकमेकांची कॉलर धरली. त्यात एक विपुल होता, अंजनगाव सुर्जीचा. सोयाबीन-तुरीच्या घरातला पोरगा, डोकं असं की शंका आली की ती मुळापर्यंत खणल्याशिवाय पाणी पिणार नाही. त्याला जन्मतारखेच्या प्रकरणात पटेना. म्हणून त्याने माहितीच्या अधिकारात सरळ बार्शीटाकळीच्या त्या कार्यालयाकडे अर्ज टाकला की धुमनखेडे साहेबांच्या सेवापुस्तकाची प्रत द्यावी.

आता शहाण्या माणसाने काय उत्तर दिलं असतं? की असा कोणी माणूस आमच्याकडे नव्हता. पण कार्यालय म्हणजे शहाणा माणूस नव्हे. नव्हता असं लिहून द्यायला कोणाची तरी सही लागते, आणि उद्या निघाला तर? त्यापेक्षा सापडत नाही असं लिहिणं केव्हाही सोपं. कार्यालयाने कळवलं की सदर फाइल अभिलेख कक्षात आढळून येत नाही, शोध सुरू आहे. शोध सुरू केला म्हटल्यावर चौकशी आली. निवृत्त जानराव बाबूंना बोलावलं, तर त्यांनी लेखी जबाब दिला की धुमनखेडे साहेबांना मी चांगला ओळखतो, त्यांच्या निरोप समारंभाला गुलाबजाम होते. आणखी दोघांनी गुलाबजामला दुजोरा दिला. मग फाइल शेवटची कोणाच्या हातात होती? फाइली नेल्या-आणल्याच्या जुन्या वहीला वाळवी लागलेली, एकच नाव वाचता येत होतं. केशरबाई, शिपाई.

नोटीस रजिस्टर पोस्टाने आली. धुमनखेडे यांची फाइल गहाळ केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, मुद्देनिहाय खुलासा सात दिवसांत.

केशरबाईंनी ती तीनदा वाचली. आधी त्यांना हसू आलं, मग पोराची परीक्षा आठवली. फाइल गेली खड्ड्यात, तिची त्यांना फिकीर नव्हती. पण परीक्षेला तीन आठवडे राहिले होते आणि पोराच्या नोट्समध्ये निम्मे प्रश्न धुमनखेडे साहेबांवर होते. सांगावं तर पोरगं तुटेल, न सांगावं तर बुडेल. आणि सांगितल्यावर तो फोन कशाला करील? हे शेवटचं त्यांना सगळ्यात आधी सुचलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

सात वाजता फोन आला. पोरगं म्हणालं, आई, आज साहेबांचं काय?

"सुगत, धुमनखेडे साहेब नवतेच."

"नवते म्हंजे? बदली झाली होती?"

"जल्मलेच नाईत, बाबू. मी मनानं सांगून राहिली होती."

पलीकडे यंत्र चालूच होतं आणि त्याने आपला प्रश्न पाडून घेतला, तो सुगतला नंतर दिसला. 'प्र. ४१२ : धुमनखेडे यांची खरी जन्मतारीख कोणती?' आणि चौथा पर्याय, 'जन्मलेच नाहीत.'

"काहून पन, आई?" सुगतने विचारलं.

"खऱ्या गोष्टी सरल्या होत्या. मले वाटलं, गोष्टी सरल्या तं फोनही सरन."

सुगतने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दोन मिनिटांचा, जेवली का गोळी घेतली का, तोही नाही. केशरबाईंनी मोबाइलचा रिचार्ज संपला का म्हणून शकुनच्या फोनवरून स्वतःला लावून पाहिला, तर मेला चांगला वाजला. एवढं दुःख त्यांना नवरा गेला तेव्हा झालं होतं, त्यानंतर आत्ताच. त्यांना वाटे, आपण आपल्या हाताने पोराचं वाटोळं केलं, तेही दोन घटका बोलायला मिळावं म्हणून. खुलाशात त्यांनी एकच ओळ लिहून पाठवली, की सदर साहेब मी बनवले होते. कार्यालयाने ती 'असमाधानकारक' शेरा मारून दाखल केली.

निकाल त्यांना परस्पर कळला, विपुलकडून. तो पेढे घेऊन थेट अकोल्याला आला आणि पाया पडला. सुगतने साहेबांचे सगळे प्रश्न फाडून टाकले होते आणि तीन आठवडे पुस्तक उशाशी घेऊन पास झाला होता. विपुल एकही प्रश्न न फाडता, सगळीकडे धुमनखेडे साहेबांचं उदाहरण देऊन, त्याच्यापेक्षा अकरा मार्कांनी वर पास झाला होता. याला काय म्हणावं!

महिन्याने पुन्हा रजिस्टर पोस्ट आलं, आता अमरावतीच्या वरच्या कचेरीतून. धुमनखेडे प्रकरणी चौकशीसाठी समक्ष हजर राहावे. खाली चौकशी अधिकाऱ्याची सही. ती सही केशरबाईंनी पोराच्या शाळेच्या वह्यांपासून पाहिलेली होती. फोन नाही केला, आणि चौकशी लावली! पोटच्या पोराने!

रागारागाने त्यांनी सकाळची एसटी धरली. पाचव्या खोलीत टेबलामागे सुगत बसला होता, वाळलेला, नवा चष्मा लावलेला. बाजूला जबाब लिहायला एक कारकून.

"श्रीमती केशरबाई, बसा," सुगत म्हणाला.

केशरबाई बसल्या नाहीत. त्यांनी विचारलं की पोराला आईची चौकशी करता येते का, कोणत्या नियमात बसतं हे? आपणच शिकवलेलं त्यांना तोंडपाठ होतं. सुगतने शांतपणे सांगितलं की येत नाही, नवा अधिकारी म्हणून हे प्रकरण त्याच्याकडे आलं तेव्हा तसं त्याने वर लिहूनही दिलं होतं. वरून उत्तर आलं की हा मुद्दा मूळ फाइलीत तपासून ठरवण्यात येईल.

"मूळ फाइल कोनती?"

"धुमनखेडे साहेबांची."

कारकुनाला हसू आलं, तो चहा सांगायला म्हणून बाहेर गेला. दार लागल्यावर सुगतने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"रोज सातले फोन हातात घेतो, आई," तो म्हणाला. "काय बोलावं समजत नाई. जेवली का, गोळी घेतली का, पुढं काय? अभ्यास होता तवा बरं होतं. सवाल इचारता येत होते."

केशरबाई खुर्चीवर बसल्या. एवढं मोठं, अधिकारी झालेलं पोरगं, आणि आईशी बोलायला त्याला सरकारी कागद लागत होता. त्यांना त्याची इतकी दया आली की राग कुठे गेला ते कळलं नाही.

कारकून चहा घेऊन आला. सुगतने चष्मा चढवला आणि घसा साफ केला. धुमनखेडे हे अस्तित्वात नव्हते असं आपलं म्हणणं आहे, पण कार्यालयाच्या मते ते होते. म्हणून त्यांच्याबद्दल जे जे सांगितलं होतं ते सुरुवातीपासून, सविस्तर सांगावं, असं त्याने कारकुनाला लिहायला सांगितलं. केशरबाईंनी सांगायला सुरुवात केली. दुपारचे दोन वाजले तरी साहेब अजून काशीलाही गेले नव्हते. सुगत म्हणाला की आता पुढची तारीख गुरुवारची देतो.

"गुरुवारी माही बचत गटाची सभा राहते. सोमवार दे."

त्याने सोमवार लिहिला. मग कागदावरून मान वर न करता विचारलं की हे प्रकरण अंदाजे किती तारखांत संपेल, वर कळवावं लागतं.

केशरबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"तसं लवकर आटपलं असतं," त्या म्हणाल्या, "पन धुमनखेडे साहेबाले एक भाऊ होता. त्याचं तं मी तुले काईच सांगितलं नाई."

सुगतने पेन उचललं. "भावाचं नाव सांगा," तो म्हणाला.