वाढत्या अंगाचं जाकीट

माझी मुलगी प्रियदर्शनी, घरात नुसती दर्शनी, दर सोमवारी सकाळी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल काढते आणि साताऱ्याहून सांगलीला जाते. शनिवारी संध्याकाळी परत येते. कुपवाडच्या एका कारखान्यात ती इंजिनिअर आहे आणि विश्रामबागला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. आमच्या गल्लीला वाटतं की मी, म्हणजे रिटायर हवालदार हंबीरराव, या मोटारसायकलीवरून घरात रोज आगपाखड करत असणार. गल्लीची निराशा करायला मला बरं वाटतं. गाडी तिला मीच शिकवली. पलटणीत मी मोटारसायकलवरून डाक पोचवायचो. बावीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी लडाखच्या बाजूला. पोरीनं गाडी घ्यायची म्हटल्यावर मी एवढंच विचारलं, "किक मारता येती का?" ती म्हणाली, आता बटण असतं. तेवढं एक मला आवडलं नाही.

आगपाखड करते ती माझी बायको, राही. तिच्याकडे अपघातांच्या बातम्यांचा साठा असतो आणि तो ती नेमका जेवताना काढते.

दिवाळीत दर्शनीनं जाहीर केलं की जूनमध्ये पंधरा दिवसांची रजा काढून ती लेहला जाणार, मोटारसायकलनं, सोबत आणखी चौघंजण.

"तिकडं काय ठेवलंय?" राहीनं विचारलं.

"पप्पा कुठं होते ते बघायचंय," दर्शनी म्हणाली. "मी शाळेतनं आल्यावर रोज विचारायची, पप्पा कुठायत? तू म्हणायचीस, वर. मग वर म्हणजे कुठं, ते एकदा बघून येते."

मी टायरमधली हवा बघतो म्हणून अंगणात गेलो. हवा ठीक होती. तरी मी बराच वेळ तिथंच बसून राहिलो, कारण डोळे पुसायला हातरुमाल आतच राहिला होता.

त्याच दिवशी मी ठरवलं, पोरीच्या अंगावर चढेल ते जाकीट बापाकडून. फोनवर तिनं मला नाना तऱ्हा दाखवल्या होत्या. जाळीदार कापडाचं रोजच्या जाण्यायेण्याला बरं, वारं लागतं. पण रस्त्यावर घसरत गेल्यावर चामड्याइतकं दुसरं काही टिकत नाही, हे तिचंच म्हणणं. तयार जाकिटं पुण्यात मिळतात, पण ती सगळी पुरुषांच्या मापाची, कमरेत ढगळ आणि छातीत आवळ. माझ्या एका जुन्या सोबत्यानं सांगलीच्या रहिमानभाईंचं नाव सांगितलं. त्यांचे आजोबा घोड्यांची खोगिरं शिवायचे. वडील बैलांचे पट्टे करत. आता रहिमानभाई मोटारसायकलवाल्यांची जाकिटं शिवतात आणि कोल्हापूर-बेळगावहून पोरं त्यांच्याकडे येतात.

डिसेंबरात मी एसटीनं एकटाच गेलो. पेठेच्या मागच्या बोळात दुकान आहे. रहिमानभाई साठीचे, चष्मा कपाळावर, बोलणं बेताचं. त्यांची बायको शकिलाभाभी बाजूच्या यंत्रावर बसलेली. बकऱ्याचं चामडं मऊ असतं, पण लांबच्या प्रवासाला म्हशीचंच घ्या, तासून पातळ करून देतो, असं रहिमानभाई म्हणाले. छातीला बारीक भोकं पाडू, वारा खेळायला. खांद्याला आणि कोपराला भोकं नाहीत, तिथं आतून जाड गाद्या बसवू, पडलं तर मार त्या खातील. लेहच्या थंडीसाठी आतलं अस्तर चेननं लावता येईल, सांगलीच्या उन्हात काढून ठेवता येईल. मला माणूस पसंत पडला.

शकिलाभाभी टेप घेऊन उठल्या. "पोरगी कुठाय?"

"तिला सांगायचं न्हाई. अचानक द्यायचंय."

"मग माप?"

"माझीच पोर हाय की. मला ठाऊक न्हाई व्हय?" मी दोन्ही हात हवेत धरून खांदा दाखवला. मग बाही दाखवली, कंबर दाखवली. "आन् सगळीकडं दोन-दोन बोटं वाढवून धरा."

"न्हाई वो भाऊ. ह्ये अंगाबरोबरच लागतंय. चामडं वापरून सैल पडतंय, आवळ होत न्हाई. आधीच सैल केलं तर आतली गादी जाग्यावर ऱ्हाईल का?"

"असू द्या. वाढत्या अंगाचं असलेलं बरं."

"किती वरसाची हाय?"

"सव्वीस."

शकिलाभाभींनी नवऱ्याकडं पाहिलं आणि नवऱ्यानं सुईकडं पाहिलं. मग मी माझा हवालदारी आवाज काढला. तो काढल्यावर समोरचा माणूस वाद घालत नाही, हा माझा जुना अनुभव. तो नेहमी माझ्या फायद्याचा ठरला, असं मात्र नाही.

आता हे वाढत्या अंगाचं खूळ कुठून आलं ते सांगतो. तसं आपल्याकडं प्रत्येकच बाप दुकानात शिरताना ते घेऊनच शिरतो. माझं जरा जास्त होतं. रजा वर्षातून एकदा मिळायची. येताना मी दर्शनीला फ्रॉक आणायचो. मागच्या रजेत पोर केवढी होती ते आठवायचं, त्यात एक वर्ष मिळवायचं आणि पुढच्या रजेपर्यंत पुरायला हवा म्हणून आणखी एक वर्ष मिळवायचं. हा माझा हिशेब. फ्रॉक पहिल्या दिवशी मोठा वाटायचा, पण दुसऱ्या दिवशी ती घालून यायची तेव्हा बरोबर बसलेला असायचा. परत गेल्यावर मी पलटणीत सांगायचो, पोरीच्या मापाचा माझा अंदाज कधी चुकत नाही.

संक्रांतीला जाकीट दिलं. दर्शनीनं अंगात घातलं, आरशात न बघताच म्हणाली, "लय भारी, पप्पा! एकदम मापात." चामड्याचा वास घरभर पसरला. राहीनंसुद्धा त्या दिवशी जेवताना एकही अपघात सांगितला नाही.

जानेवारीचा शेवटचा शनिवार होता. दर्शनी नेहमीपेक्षा तासभर उशिरा आली आणि चहाचा कप तिनं डाव्या हातानं उचलला. उजव्या हाताची पोर डाव्या हातानं चहा पिऊ लागली, तर न कळायला मी काही दुधखुळा नाही.

"काय झालं?"

"काय न्हाई."

राहीनं सरळ तिची बाही वर केली. कोपर सुजून काळंनिळं झालं होतं. येताना आष्ट्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीतून वाढं रस्त्यावर सांडलं होतं, त्या ओल्या पाल्यावरून गाडी घसरली. वेग कमी होता. वाटेत डॉक्टरला दाखवून, फोटो काढून आली होती. हाड शाबूत होतं, नुसता मुका मार.

मी खुंटीवरचं जाकीट काढलं. चामड्यावर ओरखडे होते, पण ते कुठं फाटलं नव्हतं. मग कोपर एवढं कसं सुजलं? मी बाहीत हात घातला. गादी कोपरावर नव्हतीच. ती सैल बाहीत फिरून हाताच्या आतल्या बाजूला गेली होती. कमरेला आतून दोन मोठ्या सेफ्टी पिना लावलेल्या होत्या. आणि जाकिटाच्या पोटात राहीचा जुना लोकरी स्वेटर होता.

"ह्यो कशाला?"

दर्शनी खाली बघत म्हणाली, "भरावाला. जाकीट जरा भरल्यासारखं व्हतं."

सांगलीच्या उन्हात ही पोर बापाचं जाकीट मापात यावं म्हणून आत लोकरीचा स्वेटर घालत होती. चूक माझी असली की मी चिडतो. "मग सांगायला काय झालं व्हतं? तोंड न्हवतं व्हय?"

राही उठली, आत गेली आणि ट्रंकेतून एक पिवळा फ्रॉक घेऊन आली. तो मी चंदीगडला गाडी बदलताना घेतला होता, दर्शनी पहिलीत असताना. राहीनं तो उलटा करून माझ्या मांडीवर टाकला. आतून सगळीकडं टिपा होत्या. खांद्याला दोन, बगलेत दोन, खाली घेराला तीन. काही उसवलेल्या, काही तशाच.

"तुमी फ्रॉक आणायचा आन् दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर गप्पा हाणायला जायचा. तेवढ्यात मी टिपा मारायची. मग दर वरसाला एक उसवायची. ही सांगायची, आई, पप्पांना कळू देऊ नगंस. आवं, तुमचा अंदाज एकदाबी बरोबर आला न्हाई."

मी दर्शनीकडं पाहिलं. "खरं?"

"वरसातनं एकदा यायचा तुमी," ती म्हणाली. "त्यात फ्रॉक मोठा झाला म्हणून कुठं सांगत बसायचं?"

तो पिवळा फ्रॉक मांडीवर घेऊन मी बसून राहिलो. बावीस वर्षांत मी अनेक थोर चुका केल्या आहेत, एकदा तर कर्नलसाहेबांची डाक भलत्याच चौकीला देऊन आलो होतो. पण ही चूक मला जिव्हारी लागली, कारण ती चूक आहे हे मला कळू नये म्हणून दोघी मायलेकी एवढी वर्षं झटल्या होत्या. आणि आता त्यापायी पोरीचं कोपर फुटता फुटता वाचलं होतं.

बुधवारी सूज उतरल्यावर आम्ही सांगलीला निघालो. गाडी मी चालवली, मागं दर्शनी. बटण दाबलं. आष्टा गेल्यावर तिनं जागा दाखवली आणि मी तिथं गाडी इतकी हळू केली की मागचा ट्रॅक्टरवाला शिव्या देत पुढं गेला.

रहिमानभाईंनी जाकीट टेबलावर पसरलं, बाहीत हात घालून गादी चाचपली आणि मला काही बोलले नाहीत. हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "उसवून नुसतं आत घेऊन चालत न्हाई, साहेब. चामड्यावरचं सुईचं भोक बुजत न्हाई. जुनी शिवण कापून टाकावी लागंल. एकदाच कापणार, तवा माप पक्कं पायजे."

"घ्या की मग माप."

"शकिला मिरजंला गेलीया, भणीकडं. परवा येईल. बायकांची मापं तीच घेती, मी टेप लावत न्हाई. वडलांपासनं दुकानाची रीतच हाय तशी."

"हिला उद्या कामावर जायचंय वो."

रहिमानभाईंनी गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली. "मग तुमी घ्या. बापच हायसा की. मी सांगतो तसं धरा."

उभ्यानं माप घ्यायचं नाही, म्हणाले. गाडीवर बसवा, हात हँडलला लावू द्या. पुढं वाकल्यावर पाठ लांबते, बाही वर चढते, म्हणून बसल्या अंगाचंच माप खरं. दर्शनी दुकानाच्या दारात गाडीवर बसली. रहिमानभाई वही घेऊन आमच्याकडं पाठ करून बसले.

मी खांद्याला टेप लावली. पंधरा इंच. डिसेंबरात याच दुकानात मी हवेत जो खांदा दाखवला होता तो सहज अठराचा असेल. एवढी मोठी पोर माझ्या मनात कुठून आली होती कोण जाणे. मी पुन्हा मोजलं. पंधराच.

"हळू," दर्शनी हसत म्हणाली. "गुदगुल्या होत्यात."

मनगट पावणेसहा. मनगटाच्या आतल्या बाजूला एक जुना भाजल्याचा डाग होता. "ह्ये कशाचं?"

"दुसरीत असताना. गरम दूध सांडलं व्हतं."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुमी न्हवता," ती म्हणाली. रागानं नाही, सहजच.

सव्वीस वर्षांची पोर झाली आणि तिचा खांदा केवढा, मनगट केवढं हे मी आज पहिल्यांदा बघत होतो. मला स्वतःची लाज वाटली आणि पोरीची माया आली, दोन्ही एकदमच.

मग बाही. खांद्याच्या टोकापासून कोपरावरून मनगटापर्यंत. कोपराशी मी बोट हलकं ठेवलं, तरी ती जराशी कण्हली.

"किती आलं?" तिनं विचारलं.

"साडेतेवीस."

"तुमची चोवीस हाय."

"तुला काय ठाऊक?"

"तुमचा हिरवा शर्ट दारामागं असायचा की, खुंटीला. आई म्हणायची, ह्या शर्टाच्या बाह्या तुझ्या हातात भरल्या की पप्पा कायमचे घरी येणार. दर रविवारी घालून बघायची मी. शाळेतली पट्टी लावून मोजायची, अजून किती ऱ्हायलं." ती हँडलवर हात तसेच ठेवून बोलत होती. "तुमी आला तवा मी सोळाची. बाही अजून अर्धा इंच लांबच व्हती. मी आईला म्हटलं, बघ, पप्पा आधीच आले."

टेपेवरचे आकडे मला दिसेनासे झाले. मी तिच्या खांद्याशी हात धरून तसाच उभा राहिलो आणि या खेपेला डोळे पुसायला टायरची हवा बघायला गेलो नाही.

"बाही किती लिवू, साहेब?" रहिमानभाईंनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"साडेतेवीस."

"थोडी वाढवून धरू का?"

"न्हाई," मी म्हणालो. "पोरगी मोठी झालीया. एक सूतबी वाढवू नका."