माझ्यासारखे फक्त तीन

मित्रांनो, माझी बिजागरी तारेने बांधलेली आहे, एवढ्यावरूनच माझे वय ओळखा. मी पाराग्वायमधला एक जुना लॅपटॉप आहे. पुढे येणारी नावे खरी नाहीत. ती का बदलली ते तुम्हाला कळेलच. एका कचेरीने सहा वर्षे राबवून मला अडगळीत टाकले, तेव्हा निमियाने मला उचलून घरी आणले.

निमिया एका मुक्त ब्राउझरची देखभाल करते. इंटरनेटवर कोण काय वाचतो, याचा माग कुणाला लागू नये म्हणून देशोदेशीच्या लोकांनी तो मिळून बनवला आहे. कुणीही तो आतून उघडून पाहावा, चुकले असेल तर सुधारावे. नवी आवृत्ती आली की निमिया ती माझ्यावर चालवून बघते. शेकडो वेळा मी मध्येच बंद पडलो आणि दर वेळी ती खूश झाली, कारण चूक लोकांच्या आधी तिला सापडली. बंद पडल्याबद्दल शाबासकी मिळवणारा दुसरा कुणी मला माहीत नाही.

तिचा सहकारी विल्फ्रिदो मात्र म्हणायचा, "याला भंगारात दे बाई. हा सुरू होईस्तोवर माझा तेरेरे पिऊन संपतो." तोच तेरेरे, म्हणजे आमच्याकडचा पानांचा गार काढा, माझ्यावर सांडून माझी चार बटणे त्याने कायमची चिकटवली, हे तो सोयीने विसरायचा.

गेल्या वर्षी या दोघांनी ब्राउझर ग्वारानीत, म्हणजे इथल्या लोकांच्या घरच्या भाषेत आणला. निमियाची देओलिंदा मावशी सोयाबीनच्या शेतांमधल्या एका खेड्यात शिक्षिका आहे. शाळेच्या कुंपणाला लागून औषध फवारतात, मुलांना उलट्या होतात, हे तिला सरकारी अधिकाऱ्यांना निनावी कळवायचे होते. पण कोणत्या साइटवर कोण आले-गेले, याच्या नोंदी विकत मिळतात. मळेवाल्याला तिचा सुगावा लागला असता, तर गावात राहणे मुश्कील झाले असते.

पत्र घेऊन ती सकाळच्या बसने आली. निमिया शेवटची चाचणी घेत होती. त्यात एक पान सांगते, साइटला अगदी तुमच्यासारखे दिसणारे किती जण आहेत. नव्या यंत्रांवर स्पॅनिशमध्ये आकडा लाखांत आला. मला तेवढे ग्वारानीत ठेवले होते. माझ्यावर आले, तीन.

"कोण हे तिघं?" मावशीने विचारले.

"तू, मी आणि हा विल्फ्रिदो," निमिया म्हणाली. "मावशी, हात काढ तिथून. काही पाठवू नकोस, तिघांतून तू लगेच ओळखू येशील."

झाले असे होते की विल्फ्रिदोने अभिमानाने ब्राउझरला शिकवले होते, प्रत्येक साइटला आधी विचार, ग्वारानीत पान आहे का? चाचणीची ही आवृत्ती या तिघांकडेच होती, म्हणून असे विचारणारे तेव्हा जगात हे तिघेच होते.

"मग काय, आपल्या भाषेची लाज बाळगायची?" तो तणतणला.

"पोरा, वर्गात ग्वारानी बोलले म्हणून मला गुडघ्यांवर बसवलं होतं," मावशी म्हणाली. "लाज मला नको शिकवूस. पण तू 'ओरे' धरून बसलायस. लपायचं तर 'न्यांदे' म्हणावं लागतं."

ओरे म्हणजे आम्ही, तुम्हाला सोडून. न्यांदे म्हणजे आपण सगळे. तुमच्याही भाषेत हा फरक आहे, म्हणून तुम्हाला फोड करून सांगायला नको.

दुपारपर्यंत खपून विल्फ्रिदोने दुरुस्ती केली. आत अक्षरे ग्वारानीच, बाहेर साइटकडे मात्र सगळे जी भाषा मागतात तीच मागायची. खरे सांगतो, मला वाईट वाटले. आपली भाषा घरात ठेवून बाहेर पडावे लागते. पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा तिघांचे दोन लाख झाले होते. मावशीने पत्र माझ्यावरूनच पाठवले.

त्याला आठ महिने झाले. फवारणी कुंपणापासून लांब सरकली आहे. मावशीच्या दारात विचारपूस करायला कुणीही आलेले नाही. विल्फ्रिदो आता माझ्यापासून हातभर लांब बसून तेरेरे पितो.

मित्रांनो, जुने यंत्र टाकण्याआधी एकदा सुरू करून बघा. आणि नवे काही लोकांच्या हाती देताना, जिला कुणी विचारत नाही अशा भाषेतही ते तपासा. मावशीने पत्रात नेमके काय लिहिले, ते मात्र मला विचारू नका. तिने खिडकी मिटली आणि मी ते विसरलो. त्या विसरण्यासाठीच मला सांभाळले आहे.