दुधात पोहणारे पूर्वज

बिश्केकपासून दूर, डोंगरातल्या गावात कुबातच्या दाराशी बुटांचा ढीग पडला होता. आत माणसाला माणूस चिकटून बसलं होतं, तळलेल्या बोरसोक-पुऱ्यांच्या ताटांना कुणी हात लावत नव्हतं, आणि सगळ्यांचे डोळे टीव्हीवर खिळले होते. टीव्हीला तोलोबाय एमचीनं आपला सूक्ष्मदर्शक जोडला होता. मंत्रानं रोग पळवणारा हा वैदू अलीकडे विज्ञानाशिवाय बोलत नसे.

पडद्यावर चार-दोन निश्चल ठिपके दिसत होते.

"हे कुबातचं बीज," एमची म्हणाला. "मढं नुसतं! म्हणून घरात मूल नाही. का? आरएनएवरच्या खुणा पुसल्या गेल्या. खुणा असतात, हे शास्त्रज्ञही मानतात. पण त्या केल्या कुणी? सात पूर्वजांनी! म्हण बेटा, सात पिढ्या म्हण!"

कुबातनं बापापासून सातव्या पूर्वजापर्यंत नावं घडाघडा म्हटली. एमचीनं कुपीतल्या दुधावर फुंकर मारली आणि त्याचा एक थेंब काचेवर सोडला. पडदा उसळला! लाटांवर लाटा उठू लागल्या. बायकांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"नवरा ठणठणीत आहे," एमची म्हणाला. "दोष आता कुठे उरला, ते मी सांगायला हवं?"

सगळ्या माना दाराजवळ बसलेल्या कुबातच्या बायकोकडे, सायकालकडे वळल्या. सासूनं कुबातसाठी दुसरी मुलगी आधीच हेरून ठेवली होती.

"सामान बांध, पोरी," ती म्हणाली.

सायकाल मात्र पडद्याकडेच बघत होती. मेंढ्यांच्या पैदास केंद्रात तिचं रोजचं काम हेच. एडक्याचं बीज दुधात मिसळायचं, काचेवर तपासायचं आणि मेंढ्या फळवायच्या.

"बाबा, कोऱ्या काचेवर नुसतं दूध ठेवा ना."

"सुनेनं पूर्वजांची परीक्षा घ्यायची?" एमची गरजला. "खुणा रुसतील!"

"अहो, दुधाला कसली भीती?" एक म्हातारा मेंढपाळ मागून म्हणाला. "ठेव गं, पोरी."

सायकालनं स्वतःच थेंब ठेवला. पडदा पुन्हा तसाच उसळला.

"यात कुबातचं काहीच नाही. मग हे कोण पोहतंय? डोकी बघा, कशी लांबट, चपटी आहेत. हा आमच्या केंद्रातला एडका. बाबा, आता त्याच्या सात पिढ्या म्हणा!"

हशा पिकला. एमचीला घाम फुटला. "माझ्यावर काय हसता? कुपी या कुबातनंच आणून दिली! ते आरएनएसुद्धा याच्याच डॉक्टरनं सांगितलेलं!"

हसू विरलं. सायकालकडची केंद्राची किल्ली रोज याच घरात खुंटीला टांगलेली असे. ती कुबातकडे वळली.

"कुठला डॉक्टर?"

"बिश्केकचा," कुबात खाली मान घालून म्हणाला. "दोन वर्षं झाली. आरएनए म्हणजे पेशीतले निरोप म्हणाला. त्यांवर बारीक रासायनिक खुणा पडतात. कुठला निरोप कधी वाचायचा, कधी मोडीत काढायचा, ते त्या खुणांवर ठरतं. माझ्यात खुणा करणारं प्रथिनच जन्मापासून बिघडलंय, म्हणून बीजाच्या पेशी अर्ध्यावर अडतात. यावर आज औषध नाही... मला लाज वाटली गं."

"आणि मी कडू काढे गिळत होते! मजारीच्या झाडाला चिंध्या बांधत होते! तू शेजारी उभा राहून बघत होतास?" सायकाल कडाडली. "एमचीचा धंदाच फसवण्याचा. तू का फसवलंस? आजारात कुणाचा गुन्हा नसतो रे. सांगितलं असतंस तर जन्मभर तुझ्याबरोबर राहिले असते."

"बस गं, पोरी, चहा तरी घे," सासू पुटपुटली.

सायकालनं बूट चढवले. दारात तरण्या सुनांचा घोळका उभा होता. ती त्यांच्याजवळ थांबली.

"मूल होत नसेल तर पूर्वजांना विचारू नका, डॉक्टरला विचारा. दोघं मिळून जा आणि त्याच्यासमोर दोघंही बसा. माझा नवरा एकटाच गेला होता."