नवसाचं पारडं

हिलालभाऊंनी गुळाची शेवटची ढेप ठेवली, तशी केळीच्या वखारीतून आणलेल्या मोठ्या तराजूची साखळी करकरली. समोरच्या पारड्यात त्यांच्या बायकोने, निर्मलाबाईंनी, पदर सावरून बैठक मारली. गुळाचं पारडं तसंच जमिनीला चिकटलेलं. निर्मलाबाईंचे पाय झोपाळ्यावर बसल्यासारखे लोंबकळत राहिले आणि देवळापुढे जमलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

नवस हिलालभाऊंचाच. बारा वर्षांपूर्वी सुरतेच्या दवाखान्यात निर्मलाबाईंना पोट लहान करण्याच्या ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर घाबरगुंडी उडालेला हा माणूस देवीला बोलून बसला, हिला पन्नाशी पार करू दे, आजच्या वजनाइतका गूळ वाहीन. निर्मलाबाईंची आई पन्नाशीच्या आत गेली, थोरली बहीणही गेली. दोघींचं अंग निर्मलाबाईंच्या तेव्हाच्या अंगासारखंच सुटलेलं. आधी साखर, मग रक्तदाब, मग छाती. 'पोट कापून कुठे आयुष्य वाढतं का?' म्हणत गावाने नाकं मुरडली. निर्मलाबाई मात्र लग्नाच्या पंगतीतून चार घासांवर उठायला शिकल्या, गोळ्या चुकवल्या नाहीत, रोज बांधाबांधाने चालत राहिल्या. भीती होतीच, पण तीही सोबत चालायची. या चैत्रात त्यांना एक्कावन्नावं लागलं.

"थोडा गूळ काढी टाकूत," हिलालभाऊ ओशाळून म्हणाले. "देवीले समजी जाई."

"हात लावू नका. नवस तुम्ही बोलनात, आते देवीसंगे घासाघीस का करतस?"

निर्मलाबाईंनी गर्दीत नजर फिरवली.

"रोहिणी, इकडे ये. सोनमले बी लई ये."

सून लाजत पुढे आली, कडेवर वर्षाची सोनम. ऑपरेशन झालं तेव्हा मुलगा हेमकांत शाळेत होता. सून आणि नात कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या.

"नवस तर तुन्हा एकलीना शे ना!" हिलालभाऊ म्हणाले.

"मंग ह्या काय परक्या शेतस? ह्या दोन्ही मन्ही कमाई शेतस."

रोहिणी सासूला खेटून बसली. साखळी पुन्हा करकरली. गूळ जमिनीवरून सुटला आणि निर्मलाबाईंच्या टाचा हळूच मातीला टेकल्या. आता कुणी हसत नव्हतं. हिलालभाऊ टोपीनेच डोळे पुसत होते.

"रडतस काय? गूळ वाटा," निर्मलाबाई म्हणाल्या. "मले मातर बारीकसा खडा द्या."